त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत

सकाळी साडेसहाला बिरनाळेबाई माझ्या दारात उभ्या होत्या. हातात आमचा पेपर, चौथं पान वर येईल असा दुमडलेला. नगरपालिकेच्या सात नंबर शाळेतून त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्याच शाळेच्या मैदानावर सहा वर्षं त्या गल्लीतल्या पोरांचा खो-खोचा संघ चालवत होत्या. माझ्या घरी त्या कधीच आल्या नव्हत्या.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. या ना, चहा टाकतो." मला वाटलं, आभार मानायला आल्यात.

"वाचा. तिसरा परिच्छेद. मोठ्यानं."

"आता?"

"आता."

मी वाचलं. 'सागर (नाव बदलले आहे) सोळा वर्षांचा आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके त्याने बाराव्या वर्षी मागाच्या चाकात गमावली. आई त्याच गल्लीत कापडाच्या घड्या घालते. संघात तो शेवटच्या चौकात बसतो. परिसरातील एका टोळीने त्याच्याकडे पाच कोयते सांभाळायला दिले होते. एका शुक्रवारी, माग बंद असताना, त्याने ते पोते सायकलवर टाकले, जुन्या पुलावर नेले आणि नदीत सोडले. त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो सरावाला वेळेवर आला.'

"नाव काय त्याचं?" बाईंनी विचारलं.

"नाव बदललंय ना, बाई. तुम्हीच म्हणालात, नाव छापू नका."

"मी विचारतेय, नाव काय त्याचं?"

मी पेपर खाली केला.

"मल्लू," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या ओळीत कळलं. माझ्या दूधवाल्याला दुसऱ्या ओळीत कळलं. टोण्याला किती वेळ लागला असेल?"

सुदर्शन टोणे हा त्या भागातला दादा. वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, त्याचा व्हिडिओ करून गावभर फिरवायचा. हत्यारं तो कधी स्वतःजवळ ठेवत नसे. अठराच्या आतली पोरं हेरायची, त्यांच्या घरी ठेवायची. सापडलं तर पोर सुधारगृहात जायचं, टोणे बाहेर. दिवाळीत त्याचं एक पोतं गायब झालं, तेव्हा ते दुसऱ्या ग्रुपनं उचललं असं समजून त्यानं दोन माणसांची डोकी फोडली होती. ती बातमीही मीच दिली होती.

"सहा वाजता मल्लूला गाडीवर बसवून नेलंय," बाई म्हणाल्या. "शेजारच्या पोरानं फोन केला मला."

अकरा वर्षं मी बातमीदारी करत होतो आणि एकदाही माझ्या बातमीवर खुलासा छापायची वेळ आली नव्हती. बोटं उजव्या हाताची की डाव्या, हे पक्कं करायला मी दुसऱ्यांदा मैदानावर गेलो होतो. घातलेली अट मी अक्षरशः पाळली होती. नाव सोडून सगळं खरं लिहिलं होतं.

"पोलिसांना फोन करतो."

"आणि सांगणार काय? कोयते याच्याकडे होते हे तुम्ही छापलंच आहे. पहिला जबाब याचाच घेतील. जबाब झाला की टोण्याला पुरावा मिळाला." त्या जिन्याकडे वळल्या. "चप्पल घाला. सातला हजेरी आहे."

अशा वेळी हजेरी घेणार आहात का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या खाली उतरल्यासुद्धा होत्या.

मैदानावर चौदा पोरं होती. बाईंनी वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात नावं घेतली. "मुजावर, तौफिक." "हजर." "पाटोळे, बाबासो." "हजर." पंधरावं नाव आलं. "हत्तरगी, मल्लिकार्जुन."

बाईंनी वही मिटली. "चला, आणायला."

हा त्या संघाचा नियम होता, बाईंनी शाळेतल्या नोकरीपासून पाळत आणलेला. हजेरीला जो नाही, त्याला आणायला अख्खा संघ जायचा. झोपला असेल तर अंथरुणातून, मटक्याच्या टपरीवर असेल तर टपरीवरून. ओरडायचं नाही, हात लावायचा नाही, सगळ्यांनी जाऊन फक्त समोर उभं राहायचं. तो आला की सराव सुरू. एकाला तर अंगाला साबण असताना आणलं होतं. सहा वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता, की आणायला गेले आणि पोरगं आलं नाही. हे सगळं माझ्या लेखात दुसऱ्या परिच्छेदात होतं आणि मला ते गमतीचं वाटलं होतं.

आम्ही निघालो. माग सुरू झाले होते. आमच्या गावात माग सुरू झाले की गल्लीत बोलायचं तर ओरडावं लागतं.

"पत्रकार," बाबासो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "माझं बी लिवा की. माझा कान फाटलाय बगा, डावा. म्हंजी मलाबी गाडीवरनं न्हेतील."

"गप रे, बाबासो," तौफिक म्हणाला. तो कर्णधार होता.

"का गप? सायब लई बारीक बघत्यात. मल्लूची बोटं मोजल्यात त्यांनी."

बाई सगळ्यांत पुढे होत्या आणि त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मल्लूच्या दारात त्याची आई, गंगव्वा, कामावर निघायच्या बेतात होती. चौदा पोरं बघून ती हसली. तिला या हजेरीची सवय होती.

"आज झोपला न्हाई वो बाई. आज शाणा झालाय." मग तिनं मला पाहिलं. "हेच काय ते पेपरवाले?"

"हो," मी म्हणालो.

"समोरची सांगत हुती, पोरगं पेपरात आलंय तुजं. फोटू हाय काय?"

"फोटो नाही."

"नाव तरी आसंल की."

"नाव बदललंय."

"का वो? चांगलं केलंय म्हनत्यात त्यानं, मग नाव का बदाललासा?"

बाई मध्ये पडल्या. "गंगव्वा, कुठं गेलाय तो?"

"त्या दादाची मानसं आलती की. सत्कार करनार म्हनाली पोराचा. नवा शर्ट घाल म्हनलं तर घातला न्हाई, तसाच गेला." ती आमच्याकडे एकेक करून बघू लागली. "काय झालंय?"

"काही नाही. कामावर जा तू," बाई म्हणाल्या. "मी घेऊन येते त्याला."

टोण्याचं ठाणं एका बंद पडलेल्या सायझिंगच्या आवारात होतं. पूर्वी तिथं सुताला खळ लागायची. आता फाटकावर त्याचा हात जोडलेला फ्लेक्स होता आणि आत दोन कॅरम बोर्ड. फाटकासमोरून गल्लीचा एकुलता एक मोठा रस्ता जातो. सुतानं भरलेले बीम घेऊन टेम्पो दिवसभर तिथूनच जा-ये करतात.

बाईंनी शिट्टी वाजवली, एकदाच. पोरं रस्त्यावर आडवी ओळ करून बसली. खो-खोला बसतात तशी, उकिडवी, एक इकडं तोंड करून, दुसरा तिकडं. चौदा पोरांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ता भरला.

"मी खो दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही," बाई म्हणाल्या. "नेजकर, या."

आत मल्लू भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. खालचा ओठ फुटला होता. उजवा हात त्यानं डाव्या हाताखाली दाबून धरला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस. कॅरम बोर्डावर आमचा पेपर पसरलेला होता आणि त्यावर कोपरं टेकून टोणे उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, दाढी नीट कोरलेली.

"या बाई. खुर्ची द्या रे बाईंना."

"पोरगा हजेरीला आला नाही. न्यायला आलोय."

"न्या की. एवढं वाचून हुंदे." त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "मला वाचाय येतंय बरं का, बाई. तुमच्याच शाळंतला हाय. आठवीपतूर हुतो."

"माहीत आहे."

"खो-खोत बी हुतो. पोल मीच मारायचो. आठवीत एकदम यायचा बंद झालो. पंधरा दिस. आठवतंय?"

"आठवतंय."

"कोन आलतं मला आनायला?"

बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "कोणी नाही आलं."

"आन आता सगळी येताय, रांगा करून."

"तेव्हापासूनच येतोय," बाई म्हणाल्या.

त्यानं पेपराची एक सुरकुती बोटानं सपाट केली. मग माझ्याकडे वळला.

"तूच न्हवं नेजकर?"

"हो."

"ह्यो काय बोलंना. व्हय बी म्हनंना, न्हाई बी म्हनंना. लई मारलं न्हाई मी अजून." त्यानं पेपरावर टिचकी मारली. "तू सांग. खरं हाय का हे?"

बाहेर पहिला हॉर्न वाजला.

मल्लूनं मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता. मला वाचवा, असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी काय म्हणतो, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "रचलेलं आहे."

"काय?"

"असा एक लेख महिन्याला लागतो. पोरं सुधारली, मार्गाला लागली. वाचकांना आवडतो. बोटं याची घेतली, आई याची घेतली. कोयते मी घातले."

"आन पूल?"

"पूल गावात सगळ्यांनाच माहीत आहे."

"शुक्रवार?"

"शुक्रवारी माग बंद असतात. रस्त्यावर कुणी नसतं. वाचणाऱ्याला पटावं म्हणून शुक्रवार घातला."

इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. ते इतकं सहज येत होतं की मला स्वतःचीच भीती वाटली.

टोणे हळूच हसला. "बरं. आन पाच कसं काय?"

"म्हणजे?"

"पोत्यात पाचच हुते. चार न्हाई, सहा न्हाई. तू घरात बसून रचलंस, तर पाच कसं आलं?"

भिंतीकडचा एक माणूस पुढे सरकला. बाईंच्या हाताखालची खुर्ची करकरली. पाच हा आकडा मल्लूनं मला सांगितला होता आणि मी त्याला तीनदा विचारून तो पक्का केला होता.

"तुमच्या वाढदिवसाचा व्हिडिओ," मी म्हणालो. "केकच्या भोवती पाच पोरं होती. प्रत्येकाच्या हातात एक. गावानं बघितलाय तो. मी मोजले."

मग मल्लूच्या दुसऱ्या बाजूचा माणूस फिसकन हसला. "दादा, हाय की. पाचच हुती पोरं."

"तुला इचारलं?" टोणे म्हणाला. पण त्याचा हात पेपरावरून उठला होता.

आता बाहेर तीन-चार हॉर्न एकदम वाजत होते. कुणीतरी ड्रायव्हर आईवरून शिव्या देत होता आणि तौफिकचा आवाज येत होता, "काका, बाईंनी सांगितल्याबिगर उटता येत न्हाई."

"तेनला उठवा, बाई," टोणे म्हणाला. "गर्दी नगं हितं."

"हा उठला की ती उठतील."

"असं न्हाई." तो माझ्याकडे आला. तोंडाला वेलचीचा वास होता. "भ्यालेला मानूस तोंडानं कायबी म्हनतंय. मी तुज्या तोंडावर विश्वास ठिवत न्हाई. ह्याच्यावर ठिवतो." त्यानं पेपर माझ्या छातीवर दाबला. "छापून आलंय म्हनून सगळी गल्ली मला हसाया लागलीय सकाळपासनं. एक घडी घालनारीचं पोर टोण्याचा माल नदीत टाकतंय. आता छापूनच आन. उद्या. ह्याच जागी, एवढ्याच अक्षरात. खोटं हाय म्हनून, आन तू लिवलंस म्हनून."

"आणतो."

"सातला बगनार मी. न्हाई आलं तर ह्या येळंला आनायला मी येनार, बाई. मैदानावर. रांगंतनं उचलून न्हेनार."

"ऊठ, मल्लू," बाई म्हणाल्या.

मल्लू उठला. बाहेर आल्यावर बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "खो." तो ओळीतल्या पहिल्या पोराकडे गेला, त्याच्या पाठीला हात लावला, तो उठला. त्यानं दुसऱ्याला. अशी चौदाही पोरं उठली. टेम्पोवाले शिव्या द्यायचे थांबून बघत राहिले.

मी सरळ ऑफिसात गेलो. कुलगुडे आमचे आवृत्तीप्रमुख. साठीला आलेले, रोज दुपारी डबा उघडण्यापूर्वी सगळी पानं एकदा डोळ्यांखालून घालणारे. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "आजचा माझा लेख बनावट आहे. खुलासा छापायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "नेजकर, तू चहाच्या गाड्याचं नाव दोनदा विचारून लिहिणारा माणूस. कोण मागं लागलंय?"

"कुणी नाही."

"पोराला धरलंय का?"

हो म्हटलं असतं तर त्यांनी पोलीस अधीक्षकांना फोन लावला असता, कारण ते सरळ माणूस होते.

"लेख बनावट आहे," मी पुन्हा म्हणालो.

"हे तू मला लेखी देशील?"

"देतो."

"मग ऐक. हे छापलं की तू इथं राहू शकत नाहीस. मालक एक दिवस ठेवणार नाहीत. आणि जिल्ह्यात दुसरा कुठला पेपर तुला दारात उभा करणार नाही. हे सगळं तुला माहीत आहे, तरी सांगतो."

"माहीत आहे."

"पान सातच्या कोपऱ्यात दोन ओळी टाकू. नाव न घेता. कुणी बघणार नाही."

"चौथं पान. त्याच जागी. त्याच टाइपात. माझं नाव घालून."

मग त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं:

'काल या जागी प्रसिद्ध झालेल्या लेखातील सागर नावाचा मुलगा आणि त्याने कोयते नदीत टाकल्याचा प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहे. असा कोणताही मुलगा नाही आणि असे काही घडलेले नाही. हा मजकूर आमचे बातमीदार व्ही. के. नेजकर यांनी स्वतःच्या कल्पनेने रचला होता. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

कुलगुड्यांनी एकही शब्द बदलला नाही. नुसते खाली सही करून खिडकीकडे तोंड करून बसले.

सायंकाळी साडेसहाला जाहिरात विभागातून निरोप आला, चौथ्या पानावर एका नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात घ्यायचीय, मजकूर उद्यावर ढकला. मी खाली गेलो. जाहिरातीचा माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता. मी त्याला हात जोडले. त्याला काही कळलं नाही, पण तो घाबरला आणि जाहिरात पाचव्या पानावर गेली. सव्वाआठला चौथं पान जिल्ह्याच्या छापखान्याकडे रवाना झालं. मल्लू त्या रात्री बाईंच्या घरी राहिला. मी बसस्टँडसमोरच्या पेपरच्या स्टॉलवर पाचलाच जाऊन उभा राहिलो.

जीप रोज साडेपाचला यायची. सहा वाजले. इतर पेपरांचे गठ्ठे सुटले, पोरं सायकली घेऊन गेली. सव्वासहा. स्टॉलवाला म्हणाला, घाटात टायर बसला असेल. साडेसहा. मी जीपच्या ड्रायव्हरला फोन लावला. बंद. पावणेसातला बाईंना लावला.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"इथं तीन गाड्या आल्यात. भिंतीबाहेर उभ्या आहेत."

"हजेरी घेऊ नका. पोरांना घरी पाठवा."

"हजेरी सातला असते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जीप सात वाजून चार मिनिटांनी आली. गठ्ठा बांधलेलाच होता. सुरी शोधायला वेळ नव्हता. मी दातांनी सुतळी तोडायला लागलो आणि स्टॉलवाला माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. एक पेपर ओढून काढला. चौथं पान. होतं. त्याच जागी. मी स्टॉलवाल्याच्या स्कूटरवर मागे बसलो आणि म्हणालो, सात नंबर शाळा.

पोरं मैदानावर ओळीत बसलेली होती. पंधरा. मल्लू शेवटच्या चौकात, नेहमीच्या जागी. टोणे आत आला होता आणि त्याच्यापासून चार पावलांवर उभा होता. बाई मध्ये उभ्या होत्या, हातात मिटलेली वही.

मी पेपर टोण्याच्या हातात दिला. त्यानं सावकाश वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा बोटाच्या पेरानं मजकुराची रुंदी मोजली. मला वाटलं, आता हा म्हणणार, अक्षर बारीक आहे.

"व्ही. के. म्हंजी?"

"विजयकुमार."

"विजयकुमार." तो पोरांकडे वळला. "ऐका रे. कोयते बियते कुनी टाकलं न्हाई. असला कुनी पोरगाच न्हाई. ह्यो पत्रकार खोटारडा हाय. सवताच छापलंय त्यानं. ठिवा ध्यानात, आन गल्लीत सांगा."

कुणी हसलं नाही. त्यानं पेपराची घडी घालून मागच्या खिशात ठेवली. जाताना बाईंजवळ क्षणभर थांबला. तीन गाड्या गेल्या.

बाबासो पहिला बोलला. "आयला. सायब, तुमचंच नाव छापून आलं की शेवटी."

"ऊठ, चल पळ, मैदानाला दोन चकरा," बाई म्हणाल्या. "सगळे."

याला आता चौदा वर्षं झाली. टोणे तीन वर्षांपूर्वी तुरुंगात कावीळ होऊन मेला, म्हणून हे लिहिता येतंय. मी पुढं लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये मुद्रितं तपासायला लागलो आणि अजून तिथंच आहे. बाईंचा संघ चालू आहे. मल्लू सायझिंगमध्ये फिटर आहे, त्याला दोन मुली आहेत. त्याला या कथेचं सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, की या वेळी नाव कोणतं घालणार. मी म्हणालो, तू सांगशील ते. तो म्हणाला, माझंच.

त्या सकाळी चकरा संपल्यावर पोरं नळावर गेली. मल्लू माझ्याकडे आला. ओठ सुजला होता, त्यामुळे शब्द जाड येत होते. मला वाटलं, आभार मानेल, आणि मी ते कसे थांबवायचे याचा विचार करत होतो.

"सर, आता गल्लीत सगळी म्हननार, तसं काय झालंच न्हाई."

"हो."

"आईबी तसंच म्हननार."

"हो. तिलाही तसंच सांग. तेच बरं आहे."

तो पायाच्या अंगठ्यानं मैदानावरची चुन्याची रेघ उकरत राहिला. त्याच्या मागं बाईंनी शिट्टी वाजवली. तो गेला नाही.

"पर मी टाकलंतं, सर," तो म्हणाला. "मला कुनी सांगितलं न्हवतं. माजं मीच टाकलंतं."

"मला माहीत आहे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "पाच होते."

मग तो पळत गेला आणि शेवटच्या चौकात जाऊन बसला.